त्याच्याकडे अजून नऊ वाजायचे होते

१

मयुराचं काम तसं साधं होतं, पण घरात ते कुणाला धड समजलं नव्हतं. नागपुरात सदरमध्ये एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर तिचं ऑफिस. तिथे बसून ती अमेरिकेतल्या दातांच्या दवाखान्यांच्या एका साखळीसाठी मेल पाठवायची. पाठवायची म्हणजे स्वतः एकेक करून नाही. ‘उद्या तुमची तपासणी आहे’, ‘दात दाखवून बरेच दिवस झाले, या एकदा’ असे मजकूर एकदाच लिहून ठेवायचे, कुणाला कधी काय जाईल याचे नियम लावून द्यायचे, मग संगणक आपला आपण पाठवत राहतो.

डोकं लावावं लागे ते वेळेला. प्रत्येकाला मेल मिळायला हवी ती त्याच्या गावच्या सकाळी नऊला. न्यूयॉर्कचे नऊ वेगळे, टेक्सासचे वेगळे. उन्हाळ्यात तिकडे घड्याळं पुढे करतात, पण ॲरिझोनातली माणसं करत नाहीत. एक नियम चुकला की कुणाचा तरी फोन भलत्या वेळी वाजणार आणि तक्रार इकडे सदरात येणार. म्हणून प्रत्येक नावासमोर त्या माणसाची वेळ नोंदलेली असायची. ती जागा कोरी असली, तर त्या माणसानं शेवटची मेल कुठे बसून उघडली होती, त्यावरून संगणक अंदाज बांधायचा.

खऱ्या लोकांना मेल जाण्याआधी ती घरच्या माणसांवर चाचणी घ्यायची. त्या चाचणीच्या यादीत तिच्या धाकट्या भावाचं, स्वानंदचं, नाव होतं. तो लकडगंजात प्लायवूडच्या एका ठोक व्यापाऱ्याकडे कामाला होता. रोज सकाळी नऊला त्याच्या फोनवर दातांची मेल यायची आणि तो आतूनच ओरडायचा, “आली वं ताई तुझी मेल!” मग हेल्मेट उचलायचा आणि निघायचा. त्याला वेगळं घड्याळ बघावंच लागत नसे.

मागच्या पौषात असाच तो मेल वाचून स्कूटरवर निघाला. कुहीला एका गिऱ्हाइकाकडे लाकडाचे नमुने दाखवायचे होते. तिथे तो पोचलाच नाही. उमरेड रोडवर एका ट्रकनं त्याला उडवलं.

मयुराला यादीतून त्याचं नाव काढवलं नाही. त्याला मेल जाणं तेवढं तिनं बंद करून ठेवलं.

२

मे महिन्यात दवाखान्यांनी नवी मोहीम काढली. मयुरानं जुने नियम उचलून नव्या मोहिमेत टाकले. टाकताना चाचणीची यादीही सोबत आली आणि बंद केलेलं एक नाव आपोआप चालू झालं.

दुसऱ्या दिवशी तिनं अहवाल उघडला. सगळ्या मेल गेलेल्या. एकच अडकलेली. समोर लिहिलेलं होतं, ‘प्रतीक्षेत’. आणि खाली कारण: ‘प्राप्तकर्त्याच्या स्थानिक वेळेनुसार अजून नऊ वाजलेले नाहीत.’

नाव स्वानंदचं होतं.

तिनं आधी स्वतःशी हिशेब मांडला. जगात कुठेही असलं तरी चोवीस तासांत एकदा तरी सकाळचे नऊ वाजतातच. मग ही मेल थांबली कशी?

शेजारच्या टेबलावर अंकित होता. तिच्याआधीपासून या कंपनीत असलेला, कुठलीही बिघडलेली गोष्ट हसत हसत दुरुस्त करणारा मुलगा. तिनं त्याला बोलावलं. त्यानं वाकून नाव वाचलं.

“वेळेची फील्ड कोरी असंन,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “सिस्टम घोळ करून राहिली. काढून टाकू का?”

“नको. राहू दे.”

“मयुरा, तू काहून त्रास करून घेते? मी करतो ना डिलीट.”

“राहू दे म्हटलं ना.”

तो गेल्यावर तिनं नावावर क्लिक केलं. माणसाच्या गावी आत्ता किती वाजलेत ते तिथे दिसतं. स्वानंदच्या नावाखाली दिसत होतं की सकाळ आहे, पावणेनऊ होऊन गेलेत, नऊला अवकाश आहे. दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त किंचित पुढे. तिसऱ्या दिवशी अजून थोडं पुढे. इकडचा अख्खा दिवस सरला की तिकडे जेमतेम मिनिटभर सरकायचं.

तारीख बघायचं तिच्या तेव्हा लक्षात आलं. ती मे महिन्यातली नव्हती. तारीख पौषातल्या त्या सकाळची होती.

३

गोळीबार चौकाच्या मागे त्यांचं घर. पूर्वी पुढच्या खोलीत माग होता. आजोबांनंतर कुणी विणलं नाही. मागाचा खड्डा बुजवून वर फरशी घातली आणि ती खोली स्वानंदची झाली. तो गेल्यापासून तिला बाहेरून कडी असायची. घरात आता दोघीच, मयुरा आणि तिची आई पुष्पलता.

संध्याकाळी मयुरा घरी आली तेव्हा आई त्या बंद दारापाशी खुर्ची टाकून बसली होती. कुलर घरघरत होता, तरी घरात ऊन भरून राहिलेलं.

“इथं काहून बसली वं आई? कुलरसमोर बस न.”

आईनं ओठांवर बोट ठेवलं. “ऐक.”

मयुराला कुलरशिवाय काहीच ऐकू आलं नाही. आईनं उठून कुलर बंद केला. पंख्याची पाती फिरून फिरून थांबली. पाण्याचे शेवटचे थेंब टाकीत पडले. आणि मग दारापलीकडे लोखंडी कपाटाचं दार कुरकुरलं. एकदाच. ते दार वरच्या बिजागरीत अडायचं, तेव्हा जसा आवाज यायचा तसाच.

“काल पलंग वाजला,” आई म्हणाली. तिचा चेहरा इतका शांत होता की मयुराला त्याचीच भीती वाटली. “परवा खोकला. रोज एखादा आवाज येते. त्याची तयारी चालू हाय.”

मयुरानं कडी काढून दार उघडलं. खोली रिकामी होती. कपाट बंद, पलंगावर घडी घातलेली चादर, खिडकीच्या गजांतून शेजारच्यांची पाण्याची टाकी दिसत होती. उन्हानं पत्रा तापतो, लोखंड फुगतं, कपाट वाजतं. तिनं स्वतःला हे समजावलं आणि ते तिला पटलंही. मात्र तिनं अनवाणी पाय आत टाकला आणि झटकन मागे घेतला. बाहेरच्या फरशीवर पाय भाजत होते. आतली फरशी बर्फासारखी होती.

दुसऱ्या दिवशी हँगर वाजला. त्याच्या दुसऱ्या दिवशी इस्त्री टेबलावर टेकल्याचा आवाज आला. मयुरा ऑफिसात तिकडची वेळ पाहायची आणि घरी येऊन आवाज ऐकायची. दोन्ही एकाच चालीनं पुढे जात होते. नऊच्या दिशेनं.

आईला वाटत होतं, पोरगा तयार होतोय. कुठे जायला तयार होतोय, ते मयुराला माहीत होतं.

४

तिला झोप लागेना. मनात एकच विचार घट्ट बसला होता. तो कुणाला सांगावा तर लोक डॉक्टरकडे नेतील, आणि नाही सांगावा तर त्यातून सुटका नाही. तिकडे अजून नऊ वाजलेले नाहीत. तो अजून निघालेला नाही. आणि तो निघण्याआधी जी शेवटची गोष्ट वाचणार, ती तिच्या हातात आहे.

शेवटी एका सकाळी ऑफिसात पोचताच तिनं ती थांबलेली मेल उघडली. दातांचा सगळा मजकूर पुसला. तिनं लिहिलं, ‘स्वानंद, आज कुहीले जाऊ नको. कुठंच जाऊ नको. घरीच थांब. ताई.’

मग ती वाट पाहत राहिली. त्या दिवसांत तिचं कामात लक्ष नव्हतं. एकदा तिनं टेक्सासच्या लोकांना पहाटे उठवलं आणि अंकितनं सावरून घेतलं. घरी आवाज पुढे सरकत होते. बुटाची डबी उघडल्याचा. कंगवा खाली ठेवल्याचा. दातांतून वाजवलेल्या शिट्टीचा एकच सूर, तोही अर्धवट.

आणि एका दुपारी ‘प्रतीक्षेत’ गेलं. तिथे आलं, ‘पाठवली’.

मयुरा स्क्रीनकडे बघत राहिली. आजूबाजूला फोन वाजत होते, कुणीतरी समोसे मागवत होतं. थोड्या वेळानं तो शब्दही बदलला.

‘उघडली.’

तिनं पर्स उचलली आणि कुणाला न सांगता खाली उतरली. ऑटोवाल्याला दोनदा म्हणाली, “दादा, जरा लवकर.” तोंडावर गरम वारा येत होता आणि ती रडत होती की हसत होती, ते तिचं तिलाच कळत नव्हतं.

घरी आई दारातच उभी होती. “बसला,” ती म्हणाली. “पलंग वाजला आत्ताच. निघालाच नाही वं, बसला खाली!”

दोघी एकमेकींना बिलगल्या. तो गेल्यापासून पहिल्यांदा.

५

त्यानंतर आवाज आले नाहीत.

पण ती शांतता रिकामी नव्हती. एखाद्या खोलीत माणूस गप्प बसलेला असला की बाहेरच्याला ते कळतं, तशी ती होती. मयुरा दाराशी जाऊन हळूच हाक मारायची. उत्तर यायचं नाही. फक्त आतली शांतता आणखी गोठायची, जणू कुणी श्वास धरून ऐकतंय. दार उघडायची हिंमत तिला आता होत नव्हती, आणि आईही उघडू देत नव्हती.

ऑफिसात त्याच्या नावाखाली नऊ वाजले होते. दुसऱ्या दिवशीही नऊच. त्याच्या पुढे काटा जाईना. शेजारी लिहिलं होतं की मेल पुन्हा उघडली. मग पुन्हा. तो तीच तीन वाक्यं परत परत वाचत होता.

दाराच्या फटीतून थंडी बाहेर यायला लागली. आधी उंबऱ्यापुरती, मग बैठकीभर. बाहेर नागपूर भाजत होतं, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, आणि आईनं ट्रंकेतून स्वेटर काढला होता. ती तो घालून, डोक्यावरून शाल घेऊन दाराशी बसायची. तिचे ओठ उकलले होते. हात धरला तर गारठलेला.

“आई, जेवली काहून नाही? सकाळचं ताट तसंच हाय.”

“आत्ताच तर नऊ वाजले. तो येईन न बाहेर, मग सोबत खाऊ.”

“आई, दुपार सरली.”

“काय बोलून राहिली बापा तू! हे पाह्य.”

आईनं तिच्यासमोर फोन धरला. फोनच्या घड्याळात सकाळचे नऊ होते. खाली पौषातली ती तारीख. मयुरानं फोन बंद करून चालू केला. तेच. स्वतःच्या फोनशेजारी धरला. एकाच घरात, एकाच हातभर अंतरात, दोन वेगळे दिवस होते.

तिनं घास करून आईच्या तोंडाशी नेला. आईनं तोंड फिरवलं. “आत्ताच तर नऊ वाजले,” ती म्हणाली. त्याच आवाजात, तेच हसू चेहऱ्यावर, पहिल्यांदाच सांगत असल्यासारखी. “तो येईन न बाहेर, मग सोबत खाऊ.”

६

चौकातल्या डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं. रक्तदाब खाली गेलाय, अंग थंड आहे, पोटात काही नाही, भरती करा म्हणाले. आईला रिक्षाकडे नेऊ लागले, तर उंबरा ओलांडताच तिचा श्वास अडकला, डोळे पांढरे झाले. आत आणून दाराशी बसवलं तेव्हा ती परत हसली. डॉक्टरांनी पुन्हा भरतीचं नाव काढलं नाही. बैठकीत पाऊल टाकल्यापासून ते हातावर हात चोळत होते. का चोळतोय, हे मात्र त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

मयुरानं सुट्टी टाकली. अंकितचा फोन आला.

“ते नाव मी काढून टाकू का? सारखी ती मेल उघडल्याच्या नोंदी येऊन राहिल्या, सिस्टम जाम होते. तू म्हणशीन तर आत्ता उडवतो.”

“नको अंकित!” ती किंचाळलीच. मग सावरली. “त्याले उडवू नको. मी करते काय ते.”

त्याचं नाव पुसलं तर तो कुठे राहील? ज्याला कुठलीच वेळ नाही, असं माणूस कुठे असतं? तिला ते मनात आणवेना.

ती आईच्या शेजारी जमिनीवर बसली. थंडीनं दात वाजत होते. दारापलीकडे तो बसला होता. तिनं त्याला थांबवलं होतं, आणि तो थांबला होता. ताईचं त्यानं नेहमीच ऐकलं होतं. पुढे काय करायचं ते तिनं सांगितलं नव्हतं, म्हणून तो तसाच बसून होता, इस्त्रीचे कपडे घालून, मेल परत परत वाचत. ना घरात, ना वाटेवर.

“आई,” ती म्हणाली. “त्याले जाऊ देऊ का?”

आईनं पहिल्यांदा तिच्याकडे नीट बघितलं. त्या नजरेत क्षणभर आजचा दिवस होता.

“नको,” आई म्हणाली. “नको वं मयुरे. मी इथं बरी हाय.”

आणि पुन्हा हसू लागली.

७

मयुरा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन बसली. तिथून स्वानंदच्या खोलीचं दार आणि बाहेरचं अंगण, दोन्ही दिसत होतं. भर दुपार होती. तिनं फोनवर मेल लिहायला घेतली. खूप काही लिहिलं आणि पुसलं. माफ कर, असं लिहिलं, तेही पुसलं. भीती वाटली तर, असं सुरू केलं आणि पुढचं सुचेना. शेवटी एवढंच ठेवलं, ‘जा राजा. आईचं मी पाहीन.’

बोट बराच वेळ अधांतरी राहिलं. मग तिनं ते टेकवलं.

खोलीत पलंग वाजला.

आई उठून दाराला पाठ लावून उभी राहिली, दोन्ही हात पसरून. तिच्या अंगात उभं राहायचं बळ नव्हतं, तरी उभी राहिली. “काहून? काहून?” एवढंच म्हणत होती. कडी आपोआप सरकली, दार आतल्या बाजूला उघडलं आणि ती हळूच बाजूला झाली. गर्दीत कुणी खांद्याला धरून आपल्याला वाट करायला लावतं, तशी.

त्याला पाहायला मिळावं म्हणून मयुरानं किती देव आळवले होते. आता तिची मान वर होईना. तिला फक्त फरशी दिसत होती, आणि फरशीवर राखाडी मोजे घातलेले दोन पाय. ते तिच्यासमोरून गेले. चपलांच्या फळीपाशी थांबले. कुणीतरी खाली टेकलं. एक बूट चढला, नाडी बांधली गेली. दुसरा चढला, नाडी बांधली गेली. मग पहिल्या बुटाची नाडी सुटली, आणि पुन्हा बांधली गेली. सावकाश. पुन्हा सुटली, पुन्हा बांधली गेली.

तेव्हा मयुराला कळलं की त्याला माहीत आहे. दोन्ही मेल त्यानं वाचल्या होत्या. ताईनं आधी का थांबवलं आणि आता का जा म्हणते, हे त्यानं त्या खोलीत बसून ताडलं होतं. कुठे जायचंय ते त्याला ठाऊक होतं, आणि तो नाड्या बांधत होता.

“स्वानंद,” तिच्या तोंडून निघालं.

बूट तिच्याकडे वळले. वरून गार वाफ तिच्या केसांवर आली, हिवाळ्यात सकाळी बोलताना तोंडातून येते तशी. तो बोलला नाही. की बोलला, पण ते तिच्यापर्यंत पोचलं नाही. मग बूट अंगणात उतरले.

तेव्हा कुठे तिला मान वर करता आली. अंगणात वैशाखाचं पांढरं ऊन होतं. तुळशीची सावली, दोरीवरच्या कपड्यांची सावली, सगळ्या आपापल्या पायाशी गोळा झालेल्या. आणि त्या सगळ्यांवरून एक लांबच लांब कोवळी सावली फाटकाकडे सरकत होती. हिवाळ्यातल्या सकाळच्या उन्हात पडते तशी. ती कुणाची पडलीये, ते मात्र दिसत नव्हतं.

फाटक वाजलं. स्कूटर एका किकमध्ये सुरू झाली.

दोघी ऐकत राहिल्या. आवाज गल्लीच्या टोकाला गेला, वळला, चौकातल्या गोंगाटात मिसळला. तो ऐकू येईनासा झाल्यावरही दोघी ऐकतच होत्या. घरात हळूहळू उकडायला लागलं. बाहेरचं सगळं ऊन उघड्या दारातून एकदम आत आलं.

आई भिंतीला धरून धरून आली आणि मयुराजवळ बसली. तिच्या कपाळावर घाम होता.

“तूच धाडलं ना त्याले?”

“हो, आई.”

मयुरानं माठातलं पाणी दिलं, ते ती घोटघोट प्यायली. मग फाटकाकडे बघत म्हणाली, “आता कुठं असंन?”

मयुरानं डोळे मिटले. “सक्करदऱ्यात.”

थोड्या वेळानं आईनं पुन्हा विचारलं, “आता?”

“दिघोरी नाक्यावर. सिग्नल लागला असंन.”

“गर्दी असते तिथं.”

“हो. निघाला आता. उमरेड रोडले लागला.”

आईनं तिचा हात शोधला आणि घट्ट धरला. रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. शेजारी कुणीतरी कुलर लावला.

“मयुरे,” आईनं विचारलं, “आता?”

मयुरानं आईचं डोकं ओढून आपल्या छातीशी धरलं, आणि आई मोठ्यानं रडायला लागली.